सरासरी मेंढीचा मेंदू

बुलढाणा जिल्ह्यात, घाटावर काय किंवा घाटाखाली काय, मेंढी कोणाला दाखवावी लागत नाही. खरिपाची पिके निघाली की शेतात मेंढ्या बसवल्या जातात आणि त्यांच्या लेंड्यांनी जमीन खतावते. मेंढी किती चरते, पिल्लाला कशी ओळखते, कळप सोडून कशी जात नाही, हे धनगरवाड्यावरच्या मुलाला त्याच्या शिक्षकापेक्षा बरेच अधिक ठाऊक असते. वर्गात मेंदूचा धडा सुरू झाला, की मात्र हे ज्ञान दाराबाहेर राहते. फळ्यावर माणसाच्या मेंदूची एक स्वच्छ आकृती येते, तिला बाण आणि नावे जोडली जातात, आणि ती आकृती म्हणजेच मेंदू अशी मुलांची समजूत होते.

गेल्या काही वर्षांत मेंढीच्या मेंदूचे चांगले नकाशे तयार झाले आहेत. ते मेंदू कापून काढलेले नाहीत. जिवंत मेंढीला भूल देऊन चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमांकनाने, म्हणजे एम.आर.आय.ने, त्यांची मूळ प्रतिमा मिळवली आहे. त्यांपैकी दोन नकाशांचे हे परीक्षण आहे. पहिला जर्मनीतील लाइपझिग येथील ब्यॉर्न निट्शे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. दुसरा फ्रान्समधील नुझिली येथील आर्सेन एला, मॅथ्यू केलर आणि सहकाऱ्यांचा, २०१७ चा. दोन्ही कामे कसोशीने केलेली आहेत. पण चांगल्या नकाशाबाबतही एक प्रश्न विचारावाच लागतो: हा मेंदू नेमका कोणाचा?

मेंढीच का?

मेंदूवरील बहुतेक प्रयोग उंदीर-घुशींवर झाले. घुशीच्या जातकुळीतल्या प्रयोगशाळेतील उंदराचा मेंदू साधारण दोन ग्रॅमचा आणि वरून गुळगुळीत असतो. मेंढीचा मेंदू सव्वाशे-दीडशे ग्रॅमच्या आसपास, म्हणजे माणसाच्या मेंदूच्या सुमारे एक दशांश असतो आणि त्यावर आपल्यासारख्याच वळकट्या असतात. मेंढी बरीच वर्षे जगते, म्हणून सावकाश वाढणारे आजार तिच्यात पाहता येतात. न्यूझीलंडमध्ये काही कळपांत बॅटन रोगासारखा आनुवंशिक आजार आढळतो. त्यात मेंदू हळूहळू आकसत जातो. हंटिंग्टन रोगाचे मानवी जनुक घातलेल्या मेंढ्याही तयार करण्यात आल्या आहेत. अशा मेंढीचा मेंदू आकसला असे म्हणायचे, तर निरोगी मेंढीचा मेंदू केवढा असतो हे आधी ठरवायला हवे. नकाशाची गरज इथे लागते.

मेंढी मंदबुद्धी असते या समजुतीलाही संशोधनाने धक्का दिला आहे. केंब्रिजजवळच्या बेब्रम संस्थेतील कीथ केंड्रिक आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये दाखवून दिले, की मेंढी इतर पन्नास मेंढ्यांचे चेहरे दोन वर्षांहून अधिक काळ लक्षात ठेवू शकते. हे वाचून आपल्याकडच्या मेंढपाळाला फारसे आश्चर्य वाटणार नाही.

प्रतिमा येते कशी?

एम.आर.आय.चे चित्र छायाचित्रासारखे दिसते, पण ते छायाचित्र नाही. क्ष-किरणांची सावलीही नाही. इथे बोलतो तो पाण्यातला हायड्रोजन.

हायड्रोजनचे अणुकेंद्र म्हणजे एक प्रोटॉन. तो अगदी लहान चुंबकासारखा वागतो. लाइपझिगच्या यंत्राचे चुंबकीय क्षेत्र १.५ टेस्ला होते. आपल्याकडच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या ते सुमारे पस्तीस हजार पट भरते. एवढ्या क्षेत्रातही प्रोटॉनांची शिस्त बेताचीच असते. क्षेत्राच्या दिशेने असणारे आणि विरुद्ध दिशेने असणारे यांच्यात दहा लाखांमागे जेमतेम पाचाचा फरक पडतो. पण थेंबभर पाण्यात प्रोटॉन इतके असंख्य असतात, की हा अल्प फरकही मोजता येतो.

या क्षेत्रात प्रोटॉनांची एक ठरावीक कंप्रता असते: दर टेस्लाला ४२.५८ मेगाहर्ट्झ. १.५ टेस्लाला ती सुमारे ६४ मेगाहर्ट्झ होते. आकाशवाणीचे एफ.एम. केंद्र ८८ ते १०८ मेगाहर्ट्झमध्ये ऐकू येते, म्हणजे या रेडिओलहरी त्यांच्याच शेजारच्या. नेमक्या त्याच कंप्रतेची लहर सोडली, की प्रोटॉन ऊर्जा घेतात. झोपाळ्याला त्याच्या लयीत धक्का दिला, की तो उंच जातो, तसेच हे. लहर थांबली, की ते पूर्वस्थितीला येताना स्वतः क्षीण संकेत देतात. संकेत कुठून आला हे कळावे म्हणून चुंबकीय क्षेत्र जागोजागी किंचित कमीजास्त ठेवतात. ही युक्ती पॉल लॉटरबर यांनी १९७३ मध्ये मांडली. पीटर मॅन्सफील्ड यांनी तिच्या गणिताला आणि वेगाला मोठा हातभार लावला. २००३ चे नोबेल पारितोषिक दोघांना मिळाले.

या विद्येच्या पायाशी एक भारतीय नावही आहे. अणुकेंद्राचा प्रतिसाद त्याच्या रासायनिक शेजारानुसार बदलतो, हे अल्कोहोलच्या वर्णपटात स्पष्ट दाखवणारा लेख १९५१ मध्ये आर्नोल्ड, धर्मट्टी आणि पॅकार्ड यांनी लिहिला. त्यातले धर्मट्टी पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि या विषयाचे काम त्यांनी तेथे रुजवले.

आता महत्त्वाचा मुद्दा. प्रोटॉन किती वेळात पूर्वस्थितीला येतात, हे त्यांच्या परिसरावर अवलंबून असते. चेतातंतूंभोवती मायेलिन नावाचे मेदयुक्त वेष्टन असते. त्याच्या सान्निध्यातले पाणी लवकर सावरते. म्हणून टी-१ प्रकारच्या चित्रात मायेलिनने भरलेले पांढरे द्रव्य उजळ, चेतापेशींचे करडे द्रव्य त्याहून गडद आणि मेंदूच्या पोकळ्यांतला द्रव जवळपास काळा दिसतो. टी-२ प्रकारच्या चित्रात तोच द्रव लख्ख पांढरा दिसतो. मेंदू तोच, मेंढी तीच, बदलला तो आपण विचारलेला प्रश्न. चित्रातला काळा-पांढरा रंग हा मेंदूचा रंग नसून एका मोजमापाचे उत्तर आहे. फ्रेंच नकाशात टी-१ आणि टी-२ अशी दोन्ही चित्रे दिली आहेत. शिक्षकाच्या दृष्टीने हा त्याचा मोठा गुण आहे, कारण दोन्ही शेजारी ठेवली की हा धडा न बोलता शिकवला जातो.

नकाशांचे गुण

कापलेल्या मेंदूचे जुने नकाशे चांगलेच आहेत, पण मेंदू बाहेर काढला की तो आपल्याच वजनाने पसरतो, फॉर्मॅलिनमध्ये त्याचे आकारमान बदलते आणि पातळ काप करताना तो दबतो. शिवाय एका दिशेने कापला की दुसऱ्या दिशेने कापता येत नाही. एम.आर.आय.मध्ये मेंदू कवटीतच, आपल्या जागी असतो. आडवा, उभा, समोरून, हवा तसा छेद संगणकावर घेता येतो आणि तीच मेंढी पुढच्या वर्षी पुन्हा तपासता येते.

हे काम सोपे नाही. मेंढी रवंथ करणारी. भूल दिल्यावर पोटात वायू साठून ती फुगू शकते किंवा पोटातले अन्न उलट येऊन श्वासनलिकेत जाऊ शकते. म्हणून तिला आधी उपाशी ठेवावे लागते आणि श्वासनलिकेत नळी घालावी लागते. स्वच्छ चित्रामागची ही खटपट मुलांना सांगितली पाहिजे.

लाइपझिगच्या नकाशाचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य म्हणजे तो एका मेंढीचा नाही. बारा माद्या आणि सव्वीस खच्ची केलेले नर, अशा अडतीस मेरिनो मेंढ्यांच्या प्रतिमा एकमेकींवर जुळवून त्याची सरासरी काढली आहे. जागोजागी करडे द्रव्य, पांढरे द्रव्य किंवा द्रव असण्याची शक्यता किती, याचे वेगळे नकाशेही सोबत आहेत. मला हा प्रामाणिकपणा फार मोलाचा वाटतो. आपल्या शालेय आकृतीत रेषा एकच असते आणि ती ठाम असते. इथे नकाशाच सांगतो, की या ठिकाणी सर्वांचे एकमत आहे आणि त्या ठिकाणी नाही.

नकाशांच्या मर्यादा

पहिली मर्यादा याच गुणातून येते. सरासरी मेंढी कोणत्याही कळपात चरत नाही. अडतीस मेंदू एकमेकांवर ठेवले की खोलवरच्या, सर्वांत सारख्या असणाऱ्या रचना ठसठशीत उमटतात. पृष्ठभागावरच्या वळकट्या मात्र मेंढीगणिक थोड्या वेगळ्या असतात, त्या पुसट होतात. म्हणजे सरासरीने जे पुसले ते चूक होते असे नव्हे. तो खराखुरा वैयक्तिक फरक होता. याच लेखात एक आकडा आहे. मेंढ्या-मेंढ्यांतील करड्या द्रव्याच्या फरकापैकी सुमारे १५ टक्के भाग शरीराच्या वजनाने समजावता येतो. वाचणारा पंधरा टक्क्यांवर थांबतो. शिक्षकाने उरलेल्या पंच्याऐंशीकडे बोट दाखवावे.

दुसरी मर्यादा वंशाची. मेरिनो ही तलम लोकरीची मेंढी. आपल्या बाजूची दख्खनी मेंढी काटक, जाड आणि बहुधा काळसर लोकरीची, मैलोन्‌मैल चालणारी. तिच्या मेंदूतील मोठ्या रचना याच क्रमाने असणार, याबद्दल शंका नाही. पण मापे आणि प्रमाणे मेरिनोवरून उचलून दख्खनीवर बसवता येणार नाहीत. शिवाय या अडतिसांत खच्ची न केलेला एकही नर नाही. नकाशाच्या मथळ्यात 'मेंढी' लिहिलेले असते, आत मात्र विशिष्ट मेंढ्या असतात. विज्ञानाच्या वाचकाला ही सवय लागली पाहिजे, की मथळा वाचल्यावर लगेच 'किती, कोणते, कुठले' हे पाहायचे.

तिसरी मर्यादा यंत्राची. मेंढीच्या कपाळाच्या हाडात हवेच्या मोठ्या पोकळ्या असतात. हवा, हाड आणि ऊती जिथे भेटतात, तिथे चुंबकीय क्षेत्र किंचित वाकडे होते आणि प्रतिमेत विकृती येण्याचा धोका वाढतो. मेंदूच्या पुढच्या टोकाला वासाचे ज्ञान करून देणारे दोन गंधकंद असतात. मेंढीत ते चांगलेच मोठे असतात. व्यायल्यानंतर काही तासांतच मादी आपल्या पिल्लाचा वास ओळखू लागते आणि परक्या पिल्लाला दूर लोटते. त्यामागचे पहिले केंद्र हेच. म्हणजे मेंढीपणाची खूण जिथे आहे, तिथेच चित्राकडे अधिक सावधपणे पाहावे लागते.

चौथी मर्यादा सीमारेषांची. फ्रेंच नकाशात पन्नासहून अधिक रचना वेगवेगळ्या रंगांत दाखवल्या आहेत. तालुक्यांच्या नकाशासारखा तो दिसतो. पण मोताळा कुठे संपतो आणि मलकापूर कुठे सुरू होते, हे जसे शेतातल्या मातीवर लिहिलेले नसते, तसेच मेंदूतही आहे. काही सीमा खऱ्या आहेत, कारण तिथे करडे-पांढरे स्पष्ट बदलते. काही सीमा मात्र तज्ज्ञांनी विचारपूर्वक ओढलेल्या आहेत. रंगवलेल्या चित्रात दोन्ही सारख्याच ठळक दिसतात. शिवाय अशा चित्राचा अर्ध्या मिलिमीटरचा एक ठोकळा घेतला, तरी त्यात हजारो चेतापेशी सामावतात. नकाशा गाव दाखवतो, घरे दाखवत नाही आणि घरातली माणसे काय बोलतात, हे तर मुळीच सांगत नाही.

मेंढीचा मेंदू आणि आपण

हा सगळा विषय परदेशी प्रयोगशाळेतला वाटेल, म्हणून दोन जवळची उदाहरणे.

कुत्रा चावला की पोटात चौदा इंजेक्शने, ही भीती आपल्या आधीच्या पिढ्यांनी अनुभवली. ती लस मेंढीच्या मेंदूपासूनच बनत असे. डेव्हिड सेंपल यांनी कसौली येथे १९११ च्या सुमारास ही पद्धत बसवली. मुंबईच्या हाफकिन संस्थेतही ती लस तयार होत होती. लसीसोबत मेंढीचे मायेलिनही शरीरात जाई. क्वचित एखाद्या रुग्णाची प्रतिकारशक्ती त्या मायेलिनविरुद्ध उभी राही आणि स्वतःच्याच चेतातंतूंच्या वेष्टनावर हल्ला करी. परिणाम पक्षाघात. अखेर २००४ मध्ये भारतात या लसीचे उत्पादन बंद झाले आणि पेशीसंवर्धनातून केलेल्या सुरक्षित लसी सर्वत्र आल्या. मेंढीचे आणि माणसाचे मायेलिन पुष्कळ सारखे, म्हणून ही लस धोक्याची ठरली. याच साम्यामुळे मेंढी मेंदूच्या आजारांच्या अभ्यासाला उपयोगी ठरते. साम्य हा आपोआप गुण नसतो, ते कशासाठी वापरता यावर सगळे ठरते.

दुसरे उदाहरण कळपातले. एखादी मेंढी मान वाकडी करून एकाच जागी गोल गोल फिरू लागते, खाणे सोडते. याचे एक कारण म्हणजे कुत्र्याच्या आतड्यात राहणारा एक पट्टकृमी. त्याची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून गवतावर येतात आणि मेंढीच्या पोटात जातात. अळी मेंदूत पोचून तिथे पाण्याने भरलेली पिशवी तयार होते. मेंढी बहुधा पिशवी असलेल्या बाजूला फिरते, पण पिशवी किती खोल आहे यावर ते बदलू शकते. म्हणजे फिरण्याची दिशा पाहणे हाही एक प्रकारे मेंदूचा नकाशा वाचणेच आहे, फक्त तो कधी कधी फसवतो. एम.आर.आय.मध्ये ती पिशवी सरळ दिसते: टी-१ चित्रात काळी, टी-२ मध्ये पांढरी. पण रानातल्या कळपासाठी खरा उपाय यंत्रात नाही. मेलेल्या किंवा कापलेल्या मेंढीचे डोके कुत्र्याला खाऊ घालू नये आणि राखणीच्या कुत्र्यांना वेळच्या वेळी जंताचे औषध द्यावे, एवढ्याने कृमीचे चक्र तुटते. हे धनगरवाड्यावरच्या विद्यार्थ्याने घरी सांगितले, तर मेंदूचा धडा सार्थकी लागला असे समजावे.

वर्गात काय करता येईल?

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ पासून महाविद्यालयांतील प्राणिविच्छेदन कमी करण्याचे धोरण घेतले. प्राण्यांचा अनावश्यक बळी जाऊ नये, हे योग्यच आहे. पण विच्छेदनाच्या जागी केवळ तयार चित्र आले, तर एक गोष्ट हातची जाते. प्रत्येक बेडूक पुस्तकातल्या बेडकासारखा नसतो, हे विद्यार्थ्याला टेबलावर आपोआप कळत होते. चित्रात ते कळत नाही. म्हणून पुढचा प्रयोग सुचवतो. त्याला यंत्र लागत नाही.

पिंपळाची दहा पाने आणा. चौकटीच्या कागदावर प्रत्येकाची बाह्यरेषा काढा, मात्र देठाचा सांधा आणि मधली शीर नेहमी ठरलेल्या रेषेवर ठेवा. मेंदू एकमेकांवर जुळवतात, ते याच पद्धतीचे काम आहे. आता प्रत्येक चौकोन दहांपैकी किती पानांत आला, ते मोजून त्यात तो आकडा लिहा. मध्यभागी सगळीकडे दहा येतील, कडेला सात, चार, एक. पाचाच्या पुढचे चौकोन रंगवले, की 'सरासरी पिंपळपान' तयार. मग मुलांना विचारा: हे पान झाडावर कुठे आहे? पिंपळाचे लांब निमुळते टोक सरासरीत आखूड का झाले? सगळी पाने एकाच झाडाची घेतली असती तर? लाइपझिगच्या नकाशातल्या शक्यतांच्या चित्रांमागचे तत्त्व मुलांना यातून समजेल.

ज्या वर्गात कोणाची हरकत नसेल, तिथे खाटकाकडून बोकडाचा किंवा मेंढीचा भेजा आणून तोही दाखवता येईल. यासाठी वेगळा प्राणी मारावा लागत नाही. मिठाच्या पाण्यात उकळला की तो घट्ट होतो आणि धारदार सुरीने मधोमध कापता येतो. हातमोजे घालावेत, नंतर हात आणि सुरी साबणाने धुवावी, उरलेला भाग खोल पुरावा, कुत्र्यापुढे टाकू नये. ज्यांना पाहायचे नसेल त्यांच्यावर सक्ती नको. वळकट्या, लहान मेंदू आणि खालच्या बाजूला डोळ्यांच्या चेतांची फुली ओळखता आली, तरी पुरे. लाइपझिगचा लेख कोणालाही विनामूल्य वाचता येतो. त्यातली चित्रे छापून शेजारी ठेवावीत आणि मुलांनाच फरकांची यादी करायला सांगावी. उकळलेल्या भेज्यातल्या पोकळ्या रिकाम्या का दिसतात, चित्रात त्या काळ्या का, आणि काळे म्हणजे रिकामे का नव्हे, हे प्रश्न त्या यादीतूनच निघतील.

दोन्ही नकाशे संशोधकांसाठी केलेले आहेत आणि त्या कामात ते उत्तम आहेत. कोणती रचना कुठे, केवढी, निरोगी मेंढ्यांत किती कमीजास्त, हे सांगायला आज याहून चांगले साधन सहज मिळणार नाही. दोष येतो तो आपण नकाशाला छायाचित्र समजतो तेव्हा आणि एका वंशाच्या सरासरीला सगळ्या मेंढ्यांचे सत्य समजतो तेव्हा. बुलढाण्याच्या शिक्षकापाशी एक मोठी सोय आहे. नकाशा संगणकावर मिळतो आणि मेंढी बांधावर. दोन्ही एकाच तासाला वर्गात आणता आली पाहिजेत.